दोन जागांच्या होडीत एकटा

२०२४ सालच्या मे महिन्यात मला अमेरिकेतील सॅन दिएगो या शहरी तीन आठवडे राहण्याचा योग आला. योग आला असे लिहिण्याची पद्धत आहे म्हणून लिहिले, एरवी तो काही आपोआप आला नाही. माझी भाची सरकारी शिष्यवृत्तीवर तेथे उच्च शिक्षण घेत आहे. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळण्यासाठीच कित्येक महिने वाट पाहावी लागली. साठवलेली अर्जित रजा खर्ची घातली, तिकिटाचे निम्मे पैसे भाचीने ग्रंथालयातील कामाच्या पगारातून साठवले होते. निघताना धाकट्या बहिणीने शेंगदाण्याची चटणी, सुके बोंबील (जे मी विमानतळाच्या भीतीने घरीच ठेवले) आणि एक निरोप असे तीन जिन्नस दिले. निरोप असा होता, "दादा, तू जातोच आहेस तर तिला नीट विचार, शिक्षण संपल्यावर परत येणार की नाही. आणि पोरगी एकटी कशी राहते ते डोळ्यांनी बघून ये. मला फोनवर सगळं बरंच सांगते."

बहिणीचे यजमान गेल्याला नऊ वर्षे झाली. त्यांच्यामागे हिने शिवणकाम करून दोन मुले शिकवली. तेव्हा तिचा निरोप म्हणजे माझ्यासाठी साहेबांच्या मेमोपेक्षा मोठा.

भाची क्लेअरमाँट नावाच्या टेकडीवरील वस्तीत एका वृद्ध जोडप्याच्या घरी खोली घेऊन राहते. घरमालक निवृत्त वायरमन. आयुष्यभर इमारतींत वीजजोडणीची कामे केली, आता पेन्शन खातात. त्यांच्या अंगणातून खाली पाहिले की पाण्याचा एक मोठा पसारा दिसतो. त्यात बेटे, पूल, वाळूचे काठ आणि पांढरी शिडे. त्याचे नाव मिशन बे.

मला वाटले, निसर्गाने काय सुंदर उपसागर दिला आहे! पण तो आहे तसा निसर्गाने दिलेला नाही. पूर्वी येथे चिखलाची दलदल व खारफुटीसारखे खुरटे गवत होते. स्पॅनिश खलाशी त्याला ‘खोटा उपसागर’ म्हणत, कारण बंदर समजून आत शिरावे तर जहाज गाळात रुतायचे. सॅन दिएगो नदीही कधी इकडे तर कधी दक्षिणेच्या खऱ्या बंदराकडे तोंड वळवायची. खरे बंदर गाळाने भरू नये म्हणून एकोणिसाव्या शतकात बांध घालून तिला कायमची इकडे वळवली. मग दुसऱ्या महायुद्धानंतर नगरपालिकेने हा गाळ उपसायला घेतला, तो १९६० नंतरही काही काळ उपसणे चालूच होते. उपसलेल्या गाळाचीच बेटे केली. सुमारे ४२०० एकरांचे हे सार्वजनिक उद्यान असून त्यातील निम्म्याहून अधिक भाग पाणी आहे. काठाची लांबी २७ मैल. आत जायला तिकीट नाही, गाडी उभी करायलाही पैसे नाहीत. मुख्य म्हणजे काठ कोणाच्या बंगल्याच्या कुंपणात नाही. उत्तरेच्या कोपऱ्यात जुन्या दलदलीचा चाळीसेक एकरांचा तुकडा मुद्दाम राखून ठेवला आहे, पक्ष्यांसाठी. या सर्वांच्या आधी हजारो वर्षे कुमियाय नावाचे मूळ रहिवासी येथे मासे-शिंपल्या गोळा करीत. त्यांचे वंशज आजही त्या जिल्ह्यात राहतात, पण या काठावर नव्हे.

घरमालकांच्या अंगणात ताडपत्रीखाली काहीतरी लांबलचक झाकून ठेवले होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी ताडपत्री ओढली. आत होडी. त्यांच्या भाषेत कयाक.

कयाक म्हणजे मुळात उत्तर ध्रुवाकडील इनुइट लोकांची शिकारीची होडी. लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा, वर सीलचे कातडे ताणून शिवलेले, आत एका माणसापुरती जागा व हातात वल्हे. ही होडी मात्र जाड प्लॅस्टिकची, साडेअठरा फूट लांब, आणि तिला मागेपुढे दोन बैठका. दोन्ही बाजूंना आडव्या दांड्यांवर निमुळते तरंगते लांबोडे बसवलेले. ते पसरले की होडीची रुंदी दहा फूट होते, दुमडले की चार फूट. मध्ये डोलकाठी, तिला नव्वद चौरस फुटांचे शीड. सगळा साज चढवला की वजन शंभर किलोच्या वर जाते, आणि माणसे व सामान मिळून ती पावणेतीनशे किलोंपर्यंत ओझे घेते.

घरमालक कौतुकाने सांगू लागले की हे बाजूचे तरंगते लांबोडे हवाई बेटांवरच्या लोकांची युक्ती, त्यांना ‘आमा’ म्हणतात. मी म्हटले, "अहो, आमच्या कोकणात याला उलांडी म्हणतात." आमचे मूळ गाव रत्नागिरीजवळ खाडीकाठी. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत गावी गेलो की उलांडी लावलेल्या होड्या पाहायचो. लाकडाचा एकच ओंडका, दोन वाकड्या दांड्यांनी होडीच्या एका अंगाला बांधलेला. त्याच्या आधारावर अरुंद होडीसुद्धा उलटत नाही. म्हाताऱ्याने ‘उलांडी’ हा शब्द चार वेळा म्हणवून घेतला व नंतर तीन आठवडे तोच वापरला, जरी त्यांच्या तोंडी त्याचे ‘उलँडी’ झाले.

खाडीकाठचा असूनही मला पोहता येत नाही, हेही येथेच कबूल करतो. आमची वाडी गावाच्या वरच्या अंगाला, पाण्यापासून लांब. होड्या दुसऱ्यांच्या, जाळी दुसऱ्यांची. आम्ही काठावर उभे राहून बघणारे. पुढे मुंबईस आल्यावर नोकरी, शाखेची कामे, अभ्यासवर्ग यांत पोहणे राहूनच गेले. माझ्या दोन्ही मुलांना मात्र मी महापालिकेच्या तलावावर घालून पोहायला शिकवले आहे. ज्या वाचकांची मुले अजून शिकलेली नाहीत त्यांनी येत्या सुट्टीत एवढे एक काम उरकावे अशी माझी विनंती आहे. फी फार नाही, सकाळी लवकर उठावे लागते इतकेच.

होडीतली सर्वात नवलाची गोष्ट खाली होती. प्रत्येक बैठकीपुढे दोन पायटे. सायकलसारखे ते गोल फिरवायचे नसतात, पाळीपाळीने एकेक पाय पुढे ढकलायचा. त्याबरोबर होडीच्या पोटाखाली रबरासारखे लवचीक दोन पंख एकमेकांकडे येतात व दूर जातात, पेंग्विन पाण्यात पंख मारतो तसे. पंख लवचीक असल्यामुळे जाताना व येताना दोन्ही वेळा ते वाकतात आणि दोन्ही वेळा पाणी मागे ढकलतात. म्हणजे कोणताही झोका फुकट जात नाही. हे यंत्र १९९७ साली हॉबी नावाच्या कंपनीने बाजारात आणले. ही कंपनी येथून चाळीसेक मैलांवरील ओशनसाइड गावी वाढली. तिचे मूळ पुरुष हॉबी आल्टर हे लाटांवर घसरण्याच्या फळ्या बनवत बनवत होड्यांकडे आले. नव्या होडीची किंमत मी विचारली आणि लगेच विचारल्याचा पश्चात्ताप झाला. म्हाताऱ्यांनीही ती नवी घेतली नव्हती. कोणाची तरी जुनी घेऊन स्वतः दुरुस्त केली होती.

दोन बैठकांची का घेतली, तर ते व त्यांची पत्नी दोघे मिळून जात. पुढे पत्नीच्या गुडघ्यांचे ऑपरेशन झाले. गेली चार वर्षे म्हातारा एकटाच जातो. मी विचारले, मग विकून एका बैठकीची का घेत नाही? त्यांनी दिलेले कारण व्यवहाराचे होते. लांब होडी लाटेवर कमी हलते, ओझे जास्त घेते, वाऱ्यात वेगाने जाते. त्या देशात पुष्कळ जण दोघांची होडी घेऊन एकटेच फिरतात म्हणे. पण एकट्यासाठी ती जड पडते, कारण ती ओढायला चार पाय धरलेले असतात आणि असतात दोनच. ते काम मग वाऱ्याकडून करून घ्यावे लागते. थोडे थांबून म्हणाले, "शिवाय कोणी येणार असेल तर जागा असलेली बरी."

त्यांचा खांदा दुखावलेला होता, त्यामुळे होडी महिनाभर पाण्यात गेली नव्हती. मला म्हणाले, तुम्ही शिका, मी पुढे बसून सांगतो. अशा रीतीने सत्तेचाळीसाव्या वर्षी माझा नावाडीपणा सुरू झाला.

तीन सकाळी शिकवणी झाली. मे महिन्यात तेथे सकाळी आभाळ करडे असते. समुद्रावरून ढगांचा जाड थर जमिनीवर सरकतो व साडेदहा-अकराला विरतो. स्थानिक लोक त्याला ‘मे ग्रे’ म्हणतात आणि पुढच्या महिन्याला ‘जून ग्लूम’. ऊन पडून जमीन तापली की दुपारी समुद्राकडून, पश्चिमेहून व वायव्येहून, वारा सुटतो. म्हणजे सकाळी शांत पाण्यात पायांचा सराव करायचा व दुपारी शिडाचा. पाणी आपल्या समुद्राच्या मानाने चांगलेच थंड, कारण त्या किनाऱ्याला उत्तरेकडून थंड प्रवाह येतो. जीवरक्षक जाकीट पहिल्या मिनिटापासून अंगात. तेथील कायद्याने तेरा वर्षांखालील मुलांना लहान चालत्या होडीत ते घालावेच लागते, मोठ्यांनी निदान जवळ ठेवलेच पाहिजे. म्हाताऱ्यांचा नियम कायद्याहून कडक होता: जाकिटाचा पट्टा लागल्याशिवाय होडीला हात नाही.

एकट्याने जाताना मागच्या बैठकीत बसायचे, कारण सुकाणूची मूठ व शिडाचे दोर तेथून हाताशी येतात. पण मग होडीचे नाक वर उचलले जाते. म्हणून पुढच्या बैठकीपाशी पाण्याने भरलेले दोन डबे बांधायचे. पुढच्या पायट्यांचे यंत्र काढून ठेवायचे व त्या भोकात बूच बसवायचे. डाव्या हाती सुकाणू, उजव्या हाती शिडाचा दोर, पाय पायट्यांवर. वारा वाढला तर एक दोर ओढला की शीड डोलकाठीभोवती चटईसारखे गुंडाळत जाते, पाहिजे तेवढे लहान करता येते. केव्हा लहान करायचे? वाऱ्याच्या उलट बाजूची उलांडी पाण्यात बुडू लागली की. म्हाताऱ्याने बजावले की बुडेपर्यंत थांबायचे नाही, बुडेल असे वाटले की तेव्हाच.

आणि एक गोष्ट त्यांनी दहा वेळा सांगितली. वाऱ्याच्या तोंडावर सरळ कोणतीही शिडाची होडी जाऊ शकत नाही. तिरके जायचे, मग वळून दुसऱ्या बाजूने तिरके, असे नागमोडी वर चढायचे. या वळणाच्या वेळी होडीचे नाक क्षणभर थेट वाऱ्यात येते व शीड निर्जीव फडफडते. त्याच क्षणी पायटे जोरात मारायचे. पाय थांबले तर ही लांब होडी वळणार नाही. वारा तिला तेथेच धरून मागे ढकलील.

संध्याकाळी जेवणावर त्यांनी त्याच शहरातील एड गिलेट यांची हकीकत सांगितली. तेथे कयाकचे दुकान चालवणारा हा माणूस. १९८७ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरी येथून दुकानात मिळते तसलीच दोन जागांची कयाक घेऊन तो एकटा निघाला व सुमारे २२०० मैल प्रशांत महासागर ओलांडून ६३ दिवसांनी हवाईतील मावी बेटावर पोहोचला. दुसरी जागा अन्नपाण्याने भरलेली. वल्ह्यांना मदत म्हणून होडीच्या पुढे आकाशात एक मोठा पतंग सोडायचा, तो वाऱ्याने होडी ओढायचा. शेवटी अन्न संपले तेव्हा त्याने टूथपेस्ट खाल्ली. इकडे काही कळत नसल्याने घरच्यांची जी अवस्था झाली असेल तिची आपण कल्पनाच करावी. पुढे २०२२ साली सिरिल देरेमो नावाचा एक मूळचा फ्रेंच गृहस्थ माँटेरीहूनच निघाला व ९१ दिवसांनी हवाईतील हिलो येथे पोहोचला. त्याच्या होडीला मात्र वल्ह्यांबरोबर पायटेही होते. आदल्या वर्षीचा त्याचा प्रयत्न सहा दिवसांत फसून त्याला हेलिकॉप्टरने उचलून आणावे लागले होते. भाची हे ऐकत होती. ती म्हणाली, "मामा, पहिल्या वेळी परत आला म्हणून कोणी त्याला नावं ठेवली नाहीत, हे बघा." मी तिच्याकडे पाहिले. ती भात वाढून घेत होती.

निरोप अजून माझ्याकडेच होता. दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा तिने चहा केला. ती पहाटे सहाला उठते, बसने प्रयोगशाळेत जाते, संध्याकाळी ग्रंथालयात चार तास काम करते, रात्री दहाला येते. रविवारी आठवड्याची भाजी चिरून डब्यांत भरते. खोलीत एक खाट, एक टेबल, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो व आईवडिलांचा फोटो. एका रात्री बोलता बोलता तिच्या तोंडून निघाले की आल्यावर दुसऱ्याच महिन्यात तिला तापाने गाठले. आठ दिवस उठता येत नव्हते, घरमालकीणबाईंनी सूप करून दिले. "आईला सांगू नका हं. तिला झोप लागली नसती." मला राग आला. इतकी मोठी गोष्ट घरापासून लपवायची? मी तिला तसे स्पष्ट बोललो. ती गप्प राहिली.

चौथ्या दिवशी आम्ही दोघे होडीतून जायचे ठरले होते, भाची पुढच्या बैठकीत. ऐन वेळी तिला प्रयोगशाळेतून बोलावणे आले. म्हाताऱ्यांचा खांदा जास्तच दुखत होता. पण गाडीला जोडून होडी क्राउन पॉइंटच्या वाळूवर आणली होती आणि वाराही बेताचा होता. ते घडीची खुर्ची टाकून बसले, गळ्यात दुर्बीण अडकवली आणि म्हणाले, "जाऊन या. समोर फिएस्टा बेट दिसते ना, त्याच्या काठाने खाली दीड मैल जा व परत या. मी येथेच आहे."

जाणे फार सोपे होते. वारा पाठीमागून. शीड सोडले आणि होडी स्वतःच निघाली. पाय मोकळे, हातात फक्त दोर. पाणी होडीच्या अंगाला घासत असल्याचा आवाज तेवढा. डावीकडे बेटाची पिवळी वाळू सरकत होती, दूर सीवर्ल्डचा उंच मनोरा दिसत होता. एक पाणकोळी माझ्या पुढे दगडासारखा पाण्यात पडला व मासा घेऊन उठला. मी मोठ्याने हसलो. आजूबाजूला ऐकायला कोणी नव्हते. ऑफिसात मी सव्वीस वर्षे हिशेबाच्या टेबलावर आहे. माझ्यावाचून कोणाचे अडले नाही आणि कोणावाचून माझेही, असा एक तास मला आयुष्यात क्वचित मिळाला असेल. (सौभाग्यवतींनी हे वाक्य वाचले आहे. त्यांची हरकत नाही.)

पंधरा-वीस मिनिटांत मी ठरलेल्या जागेच्याही खाली गेलो होतो. परत फिरलो तेव्हा वारा काय आहे ते कळले. जाताना पाठीवर हात ठेवणारा वारा आता छातीवर होता आणि वाढलाही होता. तिरका निघालो. पहिले वळण जमले. दुसऱ्या वळणावर मधून एक मोटारबोट पाण्यावर घसरणाऱ्या पोराला ओढत गेली. तिच्या लाटेकडे पाहताना माझे पाय थांबले. व्हायचे तेच झाले. नाक वाऱ्यात अडकले, शीड कानाशी फटफट वाजू लागले व होडी मागे मागे जाऊ लागली. मी पायटे मारले तर ते जडच्या जड. अर्धा झोका जाऊन अडकत होते. त्या पाण्याच्या तळाशी रिबिनीसारखे लांब हिरवे गवत वाढते. मी उथळात शिरलो होतो आणि ते गवत पंखांना गुंडाळले होते.

खरे सांगतो, भीती वाटली. पोटात गोळा आला. मागून मोटारबोटींची वाट, हातात फडफडणारा दोर, पाय निरुपयोगी. पुढची बैठक रिकामी. तेथे कोणी असते तर निम्मे काम त्याने केले असते, निदान काय करायचे ते विचारता आले असते. मी दोन्ही पायांनी जोर लावत राहिलो, जणू रागावून गवत सुटणार आहे. मग लक्षात आले की होडी उलटत नाही आहे. उलांड्या आपल्या तरंगत आहेत. मी काहीच केले नाही तरी होडी वाहत बेटाच्या वाळूलाच लागणार, कारण वारा तिकडेच जातो आहे. तेव्हा धडपड सोडली, गुंडाळायचा दोर ओढून शीड पूर्ण मिटले व सुकाणू वाळूकडे धरले.

होडी पाण्याच्या काठाला लागली तेव्हा मी गुडघाभर पाण्यात उतरलो. त्या बेटाच्या एका भागात कुत्री मोकळी सोडायला परवानगी आहे. तीन ओली कुत्री येऊन मला हुंगून गेली. त्यांच्या मालकीणबाईंनी मदत हवी का विचारले. मी नको म्हटले आणि लगेच विचार बदलून, होडीचे टोक धरायला सांगितले. पायट्यांचे यंत्र वर उपसून काढले. पंखांवर ओंजळीओंजळीने गवत. ते सोडवीत असतानाच गळ्यातल्या प्लॅस्टिकच्या पाकिटात फोन वाजला. भाची.

"मामा, कुठे आहात? काकांनी फोन केला, तुम्ही बेटाला लागलेले दिसताय म्हणाले. बरे आहात ना? मी येऊ?"

"काही नाही ग. गवत अडकलं होतं. काढतोय. तू तुझं काम कर."

"नक्की?"

"नक्की. आणि ऐक, घरी फोन झाला तर हे मामीला बोलू नकोस. आणि तुझ्या आईला तर मुळीच नको. उगीच काळजी करत बसतील."

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग ती हसली. खूप दिवसांनी इतकी हसली असावी. मलाही काय बोलून गेलो ते तेव्हा कळले. हातात गवत धरून मी तसाच उभा राहिलो.

परतीचा प्रवास सव्वा तास चालला. या वेळी शीड निम्मेच उघडले. घाईत मोठे शीड आणि लहान माणूस यांचे जमत नाही. वारा व पाय यांची वाटणी करून टाकली. तिरके जाताना वारा ओढील, मी नुसता हलके पाय मारून त्याला साथ देणार. वळण आले की वाऱ्याकडून काही मागायचे नाही, तेथे सगळे पायांनी. उथळ हिरवे पाणी दिसले की लांबून वळायचे. मी वळणे मोजली, अकरा झाली. नवव्या वळणानंतर म्हातारा खुर्चीवरून उठून पाण्यात उभा असलेला दिसला. पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजलेली. जवळ गेलो तर म्हणाले, "उशीर झाला." एवढेच. मग दोघांनी मिळून उलांड्या दुमडल्या, खाली चाके लावली आणि होडी वाळूवर ओढली. माझ्या मांड्या दोन दिवस दुखत होत्या. जिना उतरताना भिंत धरावी लागली.

त्या रात्री भाचीने आपण होऊन विषय काढला. शिक्षण डिसेंबरात संपेल. त्यानंतर दोन वर्षे तेथेच प्रयोगशाळेत काम करायची संधी आहे, पाणी शुद्ध करण्याच्या पद्धतींवर. मग परत यायचे आहे, पण हात भरून यायचे आहे. आईला हे सांगायला तिचा धीर होत नव्हता, कारण ‘दोन वर्षे’ म्हटले की आई ‘कायमचे’ ऐकेल. मी विचारले, "एकटीला जमेल?" ती म्हणाली, "सगळं एकटीने करावं लागत नाही मामा. काका-काकू आहेत, लॅबमधल्या मुली आहेत. आणि काही दिवस नाहीच जमत. तेव्हा शीड गुंडाळायचं." शेवटचे वाक्य तिने माझी थट्टा करण्यासाठी म्हटले असेल. काकांकडून तिने सगळा वृत्तान्त ऐकला होता.

पुढच्या रविवारी ती पुढच्या बैठकीत बसली. तिला पायट्यांचा दम नाही हे पाहून मला बरे वाटले, तेवढे तरी मी तिच्यापेक्षा बरे करतो. फिएस्टा बेटाला वळसा घालून आम्ही आलो. दोघे असलो की होडी खरेच हलकी होते. वळणावर ओरडावे मात्र लागते, कारण दोघांचे पाय एकदम थांबतात.

बहिणीला मी तेथूनच फोन केला. आपल्याकडे तेव्हा सकाळ होती. भाचीला शेजारी बसवले व जे होते ते सगळे सांगितले. दोन वर्षांचे सांगितले, तापाचे सांगितले, गवताचेही सांगितले. बहीण बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताप आला होता तेव्हा कोणी होतं का जवळ?" भाची म्हणाली, "होतं ग." "त्यांना माझा नमस्कार सांग. आणि दादा, तुला पोहता येत नाही, तू कशाला गेलास रे मरायला पाण्यात? थांब, नळ आला, भांडी लावते. तासाभराने परत कर."